हातातली प्लेट कधी काढायची?

(सांगलीतील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'कोपर ते मनगट : हाडांचा बाक आणि प्लेट' असा छापला आहे आणि मी तिथवर पोहोचणारही आहे, परंतु सांगली-मिरजेत हाडांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्याला नातेवाईक संमतिपत्रावर सही करतानाच जो प्रश्न विचारतात, तो आधी निकाली काढला पाहिजे. "डॉक्टर, प्लेट काढायची कधी?" प्लेट म्हणजे मोडलेले हाड धरून ठेवायला स्क्रूने बसवलेली धातूची पट्टी.

तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा मोटारसायकलवरून पडला आणि त्याची कोपर ते मनगट जाणारी रेडिअस (अंगठ्याच्या बाजूचे) व अल्ना (करंगळीच्या बाजूचे) ही दोन्ही हाडे मोडली. दोन्हींवर प्लेट बसवल्या, हाडे छान जुळली, छाटणीला मुलगा पुन्हा कात्री चालवू लागला. वर्ष सरते न सरते तोच वडील हजर झाले. थंडीत लोखंड ठणकते, सोयरीक जुळवायची आहे, मुलीकडच्यांना काय सांगायचे, शिवाय विमानतळावरचे यंत्र वाजेल. (चिरंजीव तोवर कोल्हापूरच्या पुढे गेले नव्हते.) मी नकार दिला, त्यांनी दुसरीकडून प्लेट काढून घेतल्या आणि काही आठवड्यांतच द्राक्षांचा क्रेट उचलताना रेडिअस जुन्या स्क्रूच्या छिद्रापाशीच मोडले.

यात नवल काहीच नाही. भार प्लेट पेलत असल्यामुळे तिच्याखालचे हाड विरळ होते, स्क्रू काढल्यावर छिद्रे भरायला महिने लागतात आणि तेवढा काळ हाड तिथेच कच्चे असते. म्हणून काढायचीच झाली तरी निदान दीड-दोन वर्षे थांबावे असा संकेत आहे. शिवाय कोपराखाली बोटे उघडणारी नस अगदी जवळून जाते आणि पहिल्या शस्त्रक्रियेच्या व्रणात ती शोधणे सोपे नसते. त्रास न देणारी प्लेट मोठ्या माणसाच्या हातात जन्मभर राहिली तरी चालते.

काढण्याची ही घाई मात्र प्लेटइतकीच जुनी आहे. 1886 मध्ये हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान यांनी जी प्लेट वर्णिली, तिचे एक टोक वाकवून कातडीबाहेरच ठेवलेले असे, म्हणजे काही आठवड्यांनी ती पुन्हा चीर न देता ओढून काढता यावी! आमच्या बागायतदारांना ती फार आवडली असती.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय थोडक्यात सांगतो. रेडिअस सरळ नसते, बादलीच्या कडीसारखे बाकदार असते आणि त्या बाकामुळेच ते अल्नाभोवती फिरते. प्रसादासाठी तळहात वर करणे हे या फिरण्याचेच काम. बाक सपाट झाला तर हाड जुळूनही हात फिरत नाही. म्हणून मोठ्यांमध्ये दोन्ही हाडे मोडली की नुसत्या प्लास्टरवर भागत नाही. 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या एओ या अस्थिशल्यविशारदांच्या गटाने पुढे जी प्लेट रूढ केली, तिची भोके लांबट आणि उतरती असतात. स्क्रू आवळला की हाड मोडीकडे सरकून दाबले जाते. मोडीच्या प्रत्येक बाजूला निदान तीन स्क्रू, दोन हाडांसाठी दोन वेगळ्या चिरा, नाहीतर मध्ये हाडाचा पूल तयार होऊन फिरणे थांबते. प्लेट बाकाप्रमाणे वाकवून बसवायची आणि टाके घालण्यापूर्वी टेबलावरच कोपर काटकोनात ठेवून तळहात पूर्ण वर, पूर्ण खाली फिरतो का ते पाहायचे. फिरत नसेल, तर स्क्रू तेव्हाच सैल करून पुन्हा जुळवायचे.