भंडारा, चौंडकं आणि पडदा

[सौंदत्ती. मार्गशीर्ष पौर्णिमा, सकाळ. पायऱ्या, गर्दी, उधळलेला भंडारा.]

सौंदत्तीचा डोंगर. बेळगाव जिल्ह्यातलं यल्लमाचं, म्हणजेच रेणुकेचं ठाणं. जोगनभावीच्या कुंडावर आंघोळ करून माणसं वर निघालीत. कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी, चिकोडी, धारवाड, कुठकुठली. मराठीतून 'उदं गं आई उदं', कन्नडमधून 'उधो उधो'. दगड पिवळे, कपाळं पिवळी, गाड्यांच्या काचासुद्धा पिवळ्या. आज रांडाव पुनव. नवरा जमदग्नी मारला गेला म्हणून रेणुकेच्या बांगड्या फुटल्या. त्या दुःखात तिच्या जोगतिणीही, म्हणजे देवीला सोडलेल्या बायकाही, आज चुडा फोडतात.

[चौंडकं, अगदी जवळून. म्हातारी बोटं.]

हे चौंडकं. नीट बघा. पोकळ नळकांडं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. कातड्याच्या मधोमध तार ओवलीय आणि तिचं टोक बाहेर मुठीला बांधलंय. नळकांडं काखेत दाबायचं, मुठीनं तार ताणायची आणि दुसऱ्या हातानं छेडायची. ताण दिला की सूर चढतो, सैल सोडला की हुंदक्यासारखा खाली येतो. जोडीला तुणतुणं आणि टाळ. शेजारणीच्या डोक्यावर जग आहे, म्हणजे परडीत बसवलेला देवीचा मुखवटा. गळ्यात कवड्यांची माळ, हातात मोरचेल. हे शिकवायला कुठली शाळा नव्हती. थोरलीच्या मागं फिरत, पाच घरं जोगवा मागत, धाकटी शिकत गेली.

[चित्रपटाचं पोस्टर. नंतर कादंबऱ्यांची मुखपृष्ठं.]

जोगतिणींचं हे आयुष्य २००९ साली पडद्यावर आलं, राजीव पाटील यांच्या 'जोगवा'मधून. डोक्यात जट निघाली म्हणून देवीला सोडलेली सुली आणि पुरुष असून लुगडं नेसावं लागलेला तायप्पा. कथेचं मूळ इथल्याच मातीत आहे. राजन गवस गडहिंग्लज भागातले; त्यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा, यांतून हा सिनेमा उभा राहिला. मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये यांनी ती माणसं उभी केली. लिमये यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अजय-अतुल यांना संगीताचा.

आम्हाला त्यातलं मोलाचं वाटतं ते असं: या सिनेमाचं भांडण देवीशी नाही. तिच्या नावानं दुसऱ्याच्या अंगावर, आयुष्यावर हक्क सांगणाऱ्यांशी आहे.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

मराठी सिनेमात ही वाट आधीपासून आहे. १९३५ साली व्ही. शांताराम यांनी बालगंधर्वांना एकनाथ केलं. 'महात्मा' हे नाव सेन्सॉरला खटकलं, तेव्हा तो 'धर्मात्मा' झाला. नाथांचा धर्म तिथं पंगतीत दिसतो, कोण कुणाच्या घरी जेवतो त्यात. पुढच्या वर्षी दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. त्यात चमत्कार आहेत, शेवटी वैकुंठाचं विमानही आहे. पण मनात राहते ती तुकोबांची बायको जिजाई. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि ही बाई पायताण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते! सिनेमा तिला पापी ठरवत नाही. घरचा माणूस चुकला तर त्याला जाब विचारायचा, तसा तिनं देवाला विचारला. अशी भक्ती पडद्यावर फार कमी वेळा दिसते. हल्ली तर भंडारा उधळला, ढोल वाजले, गाणं संपलं की देवीचं काम संपतं.

[बेळगावजवळचं एक गाव. ओसरीवर लॅपटॉप, भोवती पाच-सहा वयस्क बायका 'जोगवा' बघताहेत.]

या सगळ्या जणी पूर्वी देवीला सोडलेल्या. इथं निवेदन नको. त्यांच्याकडे बघा.

[निवेदन नाही. फक्त चेहरे.]

कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं मुलींना देवाला सोडणं गुन्हा ठरलं. ज्या आधीच सोडल्या गेल्या, त्यांचं म्हातारपण, औषधपाणी आणि पोराबाळांची लग्नं बऱ्याच अंशी त्यांची त्यांनाच निभवावी लागली.

[तीच ओसरी. एकीनं चौंडकं काखेत घेतलंय.]

सोडणाऱ्यांवरचा राग यांनी मनात जपलाय आणि देवीही सोडलेली नाही. दर मंगळवारी, शुक्रवारी परडी भरते. ही दोन्ही टोकं एकाच बाईत नांदतात, आणि सीमाभागावर पुढचा सिनेमा काढणाऱ्यानं पटकथा लिहिण्याआधी इथं येऊन बसावं, असं आम्हाला कळकळीनं वाटतं. गाणी यांच्याकडून घ्यावीत, श्रेयनामावलीत यांची नावं घालावीत आणि गाण्याचे पैसेही यांच्याच हातात द्यावेत.

आता त्या गाणार आहेत. गाणं त्यांनीच निवडलंय. त्यात रेणुका जमदग्नीला विचारते, माझा गुन्हा काय? आम्ही ते कापलेलं नाही. पूर्ण ऐका.