उजेड गेला, कॅडमियम राहिलं

(विज्ञान दिनाच्या निमित्तानं नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

दोन बाटल्या आणायच्या होत्या, एकच आणली. जी आणली ती नंतर दाखवते. जी आणली नाही तिची गोष्ट आधी.

मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा एम.एस्सी.च्या एका मुलीनं प्रोजेक्टसाठी कॅडमियम टेल्युराइडचे क्वांटम डॉट बनवले. पाण्यातच बनतात, फार मोठी साधनं लागत नाहीत. फ्लास्क जितका वेळ उकळत ठेवाल तितके कण वाढत जातात आणि रंग हिरव्याकडून लालकडे सरकतो. पोरीनं संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून लाल गाठला. अतिनील टॉर्चखाली धरली की बाटलीत कुंकू पेटल्यासारखं दिसायचं. परीक्षा झाली, पोरगी गेली, बाटली खिडकीत राहून गेली. पश्चिमेची खिडकी आणि आपल्या नागपूरचा मे महिना. जूनमध्ये सहज टॉर्च मारला तर बाटली नारिंगी. काही दिवसांनी पिवळी. पाऊस लागेपर्यंत उजेड पार गेलेला आणि तळाशी चिमूटभर गाळ. आमचा शिपाई म्हणाला, "मॅडम, खराब झालं हे. बेसिनमध्ये ओतून देऊ काय?"

मी नको म्हटलं. का नको, ते आज सांगायचं आहे.

हे डॉट म्हणजे अर्धवाहकाचे स्फटिक, साधारण २ ते १० नॅनोमीटरचे. एवढ्या लहान जागेत इलेक्ट्रॉन कोंडला की त्याचे ऊर्जेचे टप्पे जागेच्या मापावर ठरतात. त्यामुळे पदार्थ तोच ठेवून फक्त आकार बदलला तरी रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरचा कण निळा, ६ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल. एकिमोव्ह यांनी हे रंगीत काचेत पाहिलं, ब्रूस यांनी द्रावणात, आणि असे एकसारखे कण हुकमी बनवायची रीत बावेंडी यांच्या गटानं १९९३ साली दिली. तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इतिहास एवढा पुरे. आपल्या कामाची गोष्ट ही, की इथे रंग म्हणजे मोजपट्टी आहे. माझी बाटली लालची पिवळी झाली याचा अर्थ उन्हात आणि हवेत एकेक कण वरून खिरत होता.

१९९८ साली दोन गटांनी हे डॉट जीवशास्त्राच्या कामाला लावून दाखवले. पेशींवर चिकटवा, उजेड टाका, पेशी कुठे गेली ते बघत बसा. नेहमीचे रंग काही मिनिटांत फिके पडतात, हे तासन्‌तास टिकतात. मग उंदरांना टोचून झाले. आणि उंदरांच्या शरीरात ते चमकत राहिले, एका अभ्यासात तर चक्क दोन वर्षं. उंदराचं आयुष्यच तेवढं! पण त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. चमक होती, तिचा रंग मात्र निळ्याच्या बाजूला सरकला होता. वाचलं तेव्हा मला माझी खिडकी आठवली. उंदराच्या पोटात ऊन नाही. मग कण झिजवतं कोण?

चला, एका डॉटच्या मागे जाऊ. आत कॅडमियम सेलेनाइडचा गाभा, त्यावर झिंक सल्फाइडचं कवच, जेमतेम एक-दोन थरांचं, आणि त्यावर पाण्यात मिसळावं म्हणून पॉलिमरचा अंगरखा. हा शिरेत सोडला की पहिल्या काही क्षणांतच रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात. लग्नात नवरदेवाभोवती वऱ्हाडी जमतात तशी. आता शरीराला अंगरखा दिसत नाही, वऱ्हाडच दिसतं. यकृतात आणि प्लीहेत भक्षक पेशी बसलेल्या असतात, रक्तातला कचरा वेचणं हाच त्यांचा धंदा. त्या याला गिळतात.

गिळल्यावर डॉट जातो पेशीच्या पचनपिशवीत, लायसोसोममध्ये. रक्ताचा पीएच ७.४, या पिशवीचा ४.५ ते ५. म्हणजे रक्तापेक्षा शेकडो पट आम्ल. तिथली विकरं आधी चिकटलेली प्रथिनं पचवतात, मग अंगरखा सैल पडतो. झिंक सल्फाइडला आम्ल सोसत नाही, तेही हळूहळू विरघळतं. कवच सगळीकडे सारखं बसलेलं नसतंच. जिथे पातळ तिथून गाभा उघडा पडतो. पुढचं काम ऑक्सिडीकरणाचं. या पेशी जंतू मारायला हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात. जिथे सूज आहे तिथे पांढऱ्या पेशी हायपोक्लोरस आम्लसुद्धा सोडतात. आपण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो ना, पाण्यात जंतू मारतं ते हेच रसायन. याच्यापुढे पॉलिमरमध्ये गुंडाळलेला डॉटही झटकन मंदावतो. पृष्ठभागावरच्या सेलेनियमचं ऑक्सिडीकरण झालं की शेजारच्या कॅडमियमला धरून ठेवणारं कोणी उरत नाही. ते आयन होऊन सुटतं.

किती सुटतं? फळ्यावर हिशोब करू. ५ नॅनोमीटरचा गोळा, आकारमान सुमारे ६५ घन नॅनोमीटर, दर घन नॅनोमीटरमध्ये कॅडमियमचे १८ अणू. गुणाकार करा. एका डॉटमध्ये जवळपास १२०० अणू. आणि एका टोचणीत डॉट किती जातात, ते मोजायला हा फळा पुरायचा नाही.

२००४ साली प्रयोगशाळेतल्या यकृतपेशींवर हे स्वच्छ दाखवलं गेलं. हवा किंवा अतिनील किरण लागलेले उघडे डॉट पेशी मारतात, आणि मारणारा कॅडमियमचा आयन असतो. कवच चढवलं की विष कमी होतं. तेव्हापासून सगळा भर कवचावर. मला त्यात एक गोम दिसते. कवच किती दिवस टिकेल हे आपण विचारतो, कवच गेल्यावर काय होईल हे विचारत नाही.

कारण "विघटन" हा शब्द फसवा आहे. भाजीचं देठ कुजतं, त्याचं पाणी होतं, वायू होतो, संपलं. कॅडमियम मूलद्रव्य आहे. कोणत्याही विकराला, कोणत्याही आम्लाला ते तोडता येत नाही. डॉट मोडतो, कॅडमियम पत्ता बदलतं.

नवा पत्ता कोणता? इथे किडनीची गंमत बघा. २००७ साली बावेंडींच्या आणि बोस्टनच्या डॉक्टरांच्या गटानं दाखवलं, की पाण्यातला एकूण व्यास ५.५ नॅनोमीटरच्या आत असेल तर डॉट अख्खाच्या अख्खा लघवीतून निघून जातो. मैद्याची चाळणी समजा. पण कवच, अंगरखा आणि वऱ्हाड धरून हे लाल डॉट सहज १० नॅनोमीटरच्या वर जातात. ते चाळणीवरच राहतात, यकृतात अडकतात, तिथे मोडतात. सुटलेलं कॅडमियम मेटॅलोथायोनीन नावाचं एक छोटं, गंधकानं भरलेलं प्रथिन पकडतं. १९५७ मध्ये घोड्याच्या किडनीत सापडलेलं. ही जोडी यकृतातून झिरपत किडनीत पोहोचते, चाळणीतून आरामात पडते, आणि पुढच्या नलिकेत किडनी "कामाचं प्रथिन आहे" म्हणून ते परत उचलून घेते! अख्खं असताना जिनं आत घेतलं नाही, तिनंच तुकडे झाल्यावर घरात ठेवून घेतलं. किडनीतलं निम्मं कॅडमियम जायला १० ते ३० वर्षं लागतात.

हे नुसतं कागदावरचं नाही. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं. किडन्या गेल्या, मग हाडं ठिसूळ झाली. "इताई-इताई" हे त्या आजाराचं नाव, म्हणजे "दुखतंय, दुखतंय". १९६८ साली तिथल्या सरकारनं ते प्रदूषणाचं दुखणं म्हणून मान्य केलं. जाता जाता, तंबाखूचं पान जमिनीतलं कॅडमियम ओढून घेण्यात फार तरबेज असतं. मागच्या रांगेत खर्रा घोटणं चालू आहे, त्यांनी हे ऐकून ठेवावं.

२०१२ मध्ये ऱ्हीसस माकडांना असे डॉट टोचले. ९० दिवस रक्त तपासलं, सगळं ठीक. बातम्या झाल्या, "डॉट सुरक्षित". त्याच निबंधात लिहिलेलं होतं की ९० दिवसांनीही बहुतेक कॅडमियम यकृत, प्लीहा आणि किडनीतच होतं. ९० दिवसांचा पेपर आणि ३० वर्षांचा पाहुणा. माणसाला टोचायला कॅडमियमच्या डॉटना अजून परवानगी नाही, ते मला बरोबर वाटतं.

समोरच्या काकांचा हात केव्हाचा वर आहे. "मॅडम, हे डॉट टीव्हीच्या पडद्यातही असते म्हणतात. आम्ही मागच्या दिवाळीला घेतला ना बाप्पा, काही होईल काय?" नाही हो. टीव्हीत ते फिल्ममध्ये सीलबंद असतात आणि हल्ली बरेच इंडियम फॉस्फाइडचे असतात. बघा खुशाल. फक्त फुटला की भंगारवाल्याला जाळायला देऊ नका.

आता आणलेली बाटली. दिवे घालवा. हा निळसर-हिरवा उजेड दिसतो ना? हा आपल्या संत्र्याचा रस आहे. बंद भांड्यात १२० अंशांवर काही तास तापवला, गाळला. कार्बन डॉट. २०१२ साली ओडिशातल्या संशोधकांनी हे करून दाखवलं, संत्री मात्र आपली, काल कळमन्याच्या बाजारातून आणलेली. यात जड धातू नाही. सिलिकॉनचेही डॉट असतात, ते विरघळून सिलिसिक आम्ल होतं आणि लघवीतून जातं. पण लगेच टाळ्या नकोत. इंडियमवाल्यांनीही "कॅडमियम नाही" एवढंच सांगून माल विकला. या संत्र्याच्या डॉटचं यकृतात काय होतं, हा प्रश्नही तितक्याच सावकाश, तितकीच वर्षं घेऊन विचारावा लागेल.

कोणीतरी विचारलं, त्या पहिल्या बाटलीचं काय झालं? झाकण घट्ट लावलं, वर मार्करनं "कॅडमियम" लिहिलं आणि कपाटात ठेवली. कॉलेजचा घातक कचरा बुटीबोरीला न्यायला गाडी आली तेव्हा शिपायाच्या हातात दिली. त्यानं टॉर्च मारून बघितला. "यात तर काहीच नाही मॅडम," म्हणाला, आणि तरी पिशवीत दोनदा गुंडाळून घेऊन गेला.