७८ पैकी ६९: कॉलेजचा किकर पुढे चालेल का?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय अमेरिकन फुटबॉलमधल्या किकरबद्दल. धिप्पाड माणसं तीन तास एकमेकांवर आदळतात, आणि घड्याळात शेवटची काही सेकंदं उरली की कडेला जाळीत चेंडू मारत उभ्या असलेल्या एका सडपातळ पोराला आत बोलावतात. चेंडू खांबांमधून गेला तर लोक दोन दिवसांत विसरतात. हुकला, तर त्याचं नाव गावभर होतं.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं, भाचे, पुतणे ओहायो, मिशिगन, टेक्सस इथल्या विद्यापीठांत शिकतात. शनिवारी सामना बघून आले की फोनवर सांगतात, ‘आमचा किकर यंदा हुकतच नाही, एनएफएलमध्ये जाणारच.’ एनएफएल म्हणजे तिथली सर्वांत वरची व्यावसायिक लीग. जाईल का? माझं मत आधीच सांगून टाकतो: नुसत्या टक्केवारीवरून ते कळत नाही, आणि जे कळण्यासारखं असतं ते हुकलेल्या किकमध्ये जास्त असतं. कसं, ते आता बघू.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. चेंडू घेऊन समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, त्याचे सहा गुण, त्यानंतर किक मारून आणखी एक मिळवता येतो, तो एक्स्ट्रा पॉइंट. टचडाउनपर्यंत मजल जात नाही असं दिसलं तर लांबूनच खांबांमधून चेंडू मारायचा, तो फील्ड गोल, तीन गुणांचा. दोन खांबांमधलं अंतर १८ फूट ६ इंच. कॉलेजातही तेवढंच आणि एनएफएलमध्येही तेवढंच. फसगत इथूनच सुरू होते, कारण खांब सारखे म्हणजे कामही सारखंच असणार असं आपण धरून चालतो.

रॉबर्टो अग्वायोचं उदाहरण घ्या. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा हा मुलगा. कॉलेजातल्या सर्वोत्तम किकरला लू ग्रोझा पुरस्कार देतात, तो त्याने २०१३ मध्ये पहिल्याच मोसमात मिळवला, आणि त्याच मोसमात त्याचा संघ राष्ट्रीय विजेता झाला. तीन वर्षांत त्याने ७८ फील्ड गोलपैकी ६९ मारले. एक्स्ट्रा पॉइंट १९८ पैकी १९८. चाळीस यार्डांच्या आतून एकदाही हुकला नाही. एनएफएलचे संघ दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी कॉलेजातले खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये टँपा बे बकनीअर्सना तो इतका हवाहवासा वाटला, की त्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतल्या आपल्या निवडी कॅन्सस सिटीला देऊन दुसऱ्या फेरीत जागा मिळवली आणि ५९ व्या क्रमांकावर त्याला उचललं. किकर, आणि तोही दुसऱ्या फेरीत! अनेकांनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. पहिल्या मोसमात तो ३१ पैकी २२ मारू शकला, टक्केवारीत लीगमध्ये सगळ्यांत खाली. पुढच्या वर्षी ऑगस्टमधल्या सरावसामन्यात एक फील्ड गोल आणि एक एक्स्ट्रा पॉइंट हुकला, आणि लगेच संघाने त्याला सोडलं. नंतर काही संघांनी बोलावून पाहिलं, पण त्याचा जम काही बसला नाही.

पोराने दडपण घेतलं, असं तेव्हा सगळे म्हणाले. दडपण असेलच, मी नाही म्हणत नाही. पण तेच आकडे जरा उसवून बघा. पहिल्या वर्षी २२ पैकी २१, दुसऱ्या वर्षी ३० पैकी २७, तिसऱ्या वर्षी २६ पैकी २१. दरवर्षी एक पायरी खाली. चाळीसच्या आतून एकही हुकला नाही, म्हणजे हुकलेल्या नऊच्या नऊ किक चाळीस किंवा त्याहून लांबच्या, आणि तेवढ्या लांबून त्याने एकूण मारल्या होत्या २९. म्हणजे लांबून २९ पैकी २०, ६९ टक्के. एनएफएलमध्ये ३१ पैकी २२ म्हणजे ७१ टक्के. योगायोग असेल, पण मला तरी तो बोलका वाटतो. शिवाय त्या १९८ एक्स्ट्रा पॉइंटचं कौतुक करताना एक गोष्ट निसटली. कॉलेजात ही किक वीस यार्डांवरून असते. एनएफएलने २०१५ पासून ती मागे नेली, आता ती ३३ यार्डांवरून मारावी लागते. अग्वायो पोचला तो बरोबर त्याच्या पुढच्या वर्षी. रणजीत पाटा खेळपट्टीवर काढलेल्या धावा मोजून एखाद्याला थेट पर्थला सलामीला पाठवावं, तसलाच हा प्रकार.

आता उलटी बाजू. कॉलेजात काही गोष्टी एनएफएलपेक्षा अवघड असतात, आणि त्यामुळे चांगल्या मुलाचे आकडे विनाकारण खराब दिसतात. मैदानावर लांबीच्या दिशेने आखूड रेघांच्या दोन ओळी असतात, त्यांना हॅश मार्क म्हणतात. चेंडू कडेला जाऊन थांबला की पुढचा डाव त्या बाजूच्या ओळीपासून सुरू होतो. एनएफएलमध्ये या दोन ओळींमधलं अंतर खांबांएवढंच, १८ फूट ६ इंच; म्हणजे किकर कधीही खांबांच्या रुंदीबाहेर उभा राहून मारत नाही. कॉलेजात हे अंतर ४० फूट. चेंडू मध्यापासून वीस फूट बाजूला ठेवलेला असू शकतो. वीस यार्डांवरची किक अशा जागेवरून मारायची तर सुमारे १८ अंशांचा तिरकेपणा येतो, एनएफएलमध्ये फार तर नऊ. जितकं जवळून मारावं तितका हा तिरकेपणा जास्त जाचतो. त्यामुळे कॉलेजचा मुलगा पंचवीस यार्डांवरून हुकला म्हणून हसण्याआधी चेंडू कुठल्या ओळीवर होता ते बघावं. ती किक एनएफएलमध्ये त्याला त्या कोनातून कधी मारावीच लागणार नाही.

चेंडू देणारे आणि धरणारे हातही मोजावे लागतात. लाँग स्नॅपर पायांमधून चेंडू मागे फेकतो, होल्डर तो झेलून जमिनीवर उभा धरतो, शिवण किकरच्या पायापासून लांब फिरवतो, आणि पाय चेंडूवर पोचतो. हे सगळं साधारण १.३ सेकंदांत. कॉलेजात ही दोघं वर्गातली पोरं असतात, दर दोन-तीन वर्षांनी बदलणारी. चेंडू जरासा कलला तरी किक भरकटते आणि नोंद किकरच्या नावावर होते. चेंडूसुद्धा वेगळा. कॉलेजात संघ आपलाच घोटून मऊ केलेला चेंडू वापरतो. एनएफएलमध्ये १९९९ पासून किकसाठी वेगळे, जवळपास कोरे चेंडू आले. २०२५ पासून ते आधी तयार करून ठेवायची मुभा संघांना मिळाली आणि किकरांनी हुश्श केलं.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी अडचण वाटते ती आकड्यांच्या आकाराची. कॉलेजचा किकर वर्षाला वीस-पंचवीस फील्ड गोल मारतो. वीसपैकी १८ म्हणजे ९० टक्के, वर्तमानपत्रात फोटो. वीसपैकी १६ म्हणजे ८० टक्के, ‘बरा आहे’. फरक किती, तर दोन किकचा. एक वाऱ्याची झुळूक आणि एक वाकडा धरलेला चेंडू, संपलं. एवढ्याशा आकड्यांवरून माणूस जोखता येत नाही.

मग बघायचं काय? सरावाच्या वेळी जाणकार प्रशिक्षक किकरच्या पाठीमागे उभे राहतात आणि आधी ऐकतात. पाय चेंडूच्या योग्य जागी बसला की एक भरीव आवाज येतो, आणि तो दर वेळी तसाच येतो का, हे महत्त्वाचं. मग चेंडूची गिरकी. तो टोकावरून टोकावर सरळ उलटत गेला पाहिजे, डुलत गेला की लांबवर कुठे जाईल याचा भरवसा नाही. चेंडू किती लवकर वर उठतो तेही पाहतात, कारण समोर सात-आठ यार्डांवर साडेसहा फुटी माणसं हात वर करून उड्या मारत असतात. आणि मग हुकलेल्या किक. पन्नास यार्डांवरून खांबांच्या मध्यावर नेम धरला तर चुकायला जेमतेम साडेतीन अंश मिळतात, डावीकडे आणि उजवीकडे. ज्याच्या सगळ्या चुका उजवीकडेच जातात त्याचं काहीतरी एकच बिघडलेलं असतं, टेकलेला पाय नाहीतर कंबर, आणि ते शिकवून सुधारता येतं. ज्याचा चेंडू आज डावीकडे आणि उद्या उजवीकडे जातो, त्याला मी घेणार नाही, मग टक्केवारी कितीही असो.

डॅनियल कार्लसन हा ऑबर्न विद्यापीठाचा. शेवटच्या कॉलेज मोसमात त्याची टक्केवारी यथातथाच होती, पण पाय दणकट. २०१८ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सनी त्याला पाचव्या फेरीत घेतलं. दुसऱ्याच सामन्यात, ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध, तो तीनपैकी तीन हुकला, त्यातले दोन जादा वेळेत. सामना २९-२९ बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. महिनाभराने ओकलंड रेडर्सनी घेतलं, आणि राहिलेल्या मोसमात त्याने १७ पैकी १६ मारले. २०२२ च्या जानेवारीत चार्जर्सविरुद्ध जादा वेळेत ४७ यार्डांवरून त्याच्याच किकने रेडर्स बाद फेरीत गेले. माणूस तोच, पायही तोच. व्हायकिंग्सनी पारख बरोबर केली होती, धीर तेवढा धरला नाही.

ब्रँडन ऑब्रीच्या बाबतीत तर कॉलेजचे आकडेच नाहीत. तो नोत्र दाम विद्यापीठात खेळला, पण आपला फुटबॉल, ज्याला तिकडे सॉकर म्हणतात. २०१७ मध्ये टोरंटोच्या सॉकर संघाने त्याला निवडलं, तिथे काही जमलं नाही, म्हणून तो सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला. (इथे आपल्यातले निम्मे श्रोते हसले असतील.) मग अमेरिकन किक शिकून बर्मिंगहॅम स्टॅलियन्सकडून यूएसएफएल या छोट्या व्यावसायिक लीगमध्ये दोन मोसम खेळला आणि २०२३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, डॅलस काउबॉइजमध्ये आला. कारकिर्दीतले पहिले ३५ फील्ड गोल त्याने ओळीने मारले, तो एनएफएलचा विक्रम ठरला. पुढच्या वर्षी बाल्टिमोरविरुद्ध ६५ यार्डांवरून मारला.

मग संघांनी ड्राफ्टमध्ये किकर घ्यायचाच नाही का? घ्यावा, पण पाचव्या फेरीच्या आधी नको. २००० मध्ये रेडर्सनी सेबॅस्टियन यानिकोव्स्कीला चक्क पहिल्या फेरीत घेतलं आणि तो २०१८ पर्यंत खेळला, हे मला ठाऊक आहे. पण एनएफएलच्या इतिहासात सर्वाधिक, २६७३ गुण करणाऱ्या ॲडम व्हिनाटिएरीला ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंही नव्हतं. मिशिगनचा जेक मूडी ग्रोझा पुरस्कार घेऊन आला, २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याच्यावर तिसरी फेरी खर्च केली आणि २०२५ च्या पहिल्या सामन्यानंतर त्याला सोडून दिलं.

जागा बत्तीसच. बत्तीस संघ, प्रत्येकी एक किकर; आणि वरच्या श्रेणीत खेळणारी विद्यापीठं सव्वाशेच्या वर. त्यामुळे तुमच्या भाच्याच्या विद्यापीठातला तो मुलगा खरोखर चांगला असला, तरी एप्रिलमध्ये त्याचं नाव पुकारलं जाण्याची शक्यता कमीच. ऑगस्टच्या शिबिरात दुसऱ्या किकरसमोर त्याला उभं करतील, बहुधा काढतील, आणि मग तो घरी बसून फोनची वाट बघेल. फोन येतो तो एखाद्या सोमवारी रात्री, कुणीतरी रविवारी दोनदा हुकलेला असतो म्हणून. मंगळवारी संघाच्या मैदानावर असे तीन-चार जण रांगेत उभे असतात, प्रत्येकाला थोड्या किक मिळतात, आणि संध्याकाळी एकाच्या हातात करार पडतो. बाकीचे विमानतळ गाठतात.

आजच्यापुरतं इतकंच. नमस्कार.