गिझरभोवती कपाट करून घेताय? माप घेण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी. गिझर भिंतीवर लागलेलाच आहे आणि आता तो कपाटात झाकायचाय. सुतार येतो, गिझरचं माप घेतो, इंचभर वाढवून कपाट ठोकतो. दिसतं झकास. सर्व्हिसिंगला आलेला मेकॅनिक मात्र म्हणतो, आधी हे कपाट काढा.

का, ते इथे खालून बघा. बहुतेक उभ्या गिझरचं झाकण तळाला असतं. थर्मोस्टॅट, कॉइल, अ‍ॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत असलेली कांडी), सगळं इथूनच खाली ओढून काढतात. त्यामुळे खाली किमान दीड फूट जागा हवी, आणि कपाटाचा तळ खिळ्यांनी ठोकायचा नाही, स्क्रूवर निघणारी फळी बसवायची. आडव्या गिझरचं झाकण बाजूला असतं, मग मोकळी जागाही त्याच बाजूला. बोअरचं जड पाणी असेल तर कॉइलवर क्षार भराभर चढतात, म्हणजे हे झाकण वरचेवर उघडावं लागणार.

आता हा सेफ्टी व्हॉल्व्ह, गिझरमध्ये थंड पाणी शिरतं त्या तोंडाशी. तापलेलं पाणी प्रसरण पावतं, दाब वाढतो आणि इथून थेंब पडतात. ते पडायलाच हवेत! कपाट भिजतं म्हणून याला बूच मारणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका, टाकी फुटू शकते. याला नळी लावा, उतार देऊन कपाटाबाहेर काढा आणि तिचं टोक उघडं ठेवा.

15 लिटरचा गिझर म्हणजे 15 किलो नुसतं पाणी, टाकीचं वजन वेगळं. हा भार भिंतीतल्या फास्टनरवरच. कपाटाच्या फळीवर कधीही नाही. 16 अँपिअरचा सॉकेट आणि स्विच कपाटाबाहेर, अँगल कॉक (गिझरचं पाणी बंद करायचे छोटे नळ) मात्र दार उघडलं की हाताला लागले पाहिजेत. दार झिलमिलीचं करा, वाफ कोंडत नाही.

प्लाय घ्यायचा तर आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे ओलाव्यात टिकणारा मरीन प्लाय. तरीही पाइपसाठी भोक पाडलं की कापलेली कड उघडी पडते आणि प्लाय तिथूनच फुगायला लागतो. भोकाच्या आतून सिलिकॉन फिरवून घ्या.

हे सगळं फक्त विजेच्या गिझरसाठी. गॅस गिझरला कपाट करायचंच नाही. हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि त्यात जीव जातो. तुमचा गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर सुताराला थांबवा. आधी प्लंबर बोलवून तो बाहेर मोकळ्या हवेत हलवून घ्या.