हुर्यो कुणाची उडवायची?

मंडळी, येळ्ळूर-कंग्राळीकडच्या तांबड्या मातीत निकाली कुस्ती बघत वाढलेल्या माणसांसमोर मी आज मुष्टियुद्धावर बोलणार आहे. नुसत्या खडाखडीत वेळ काढणारा पैलवान तुम्हाला लगेच ओळखू येतो, म्हणून हा विषय मला बेळगावातच मांडायचा होता.

युरोपातली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची पहाट. हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत असली की आपली पोरं झोपमोड करून मोबाइलभोवती बसतात. आणि समोर काय? बारा फेऱ्या गळामिठी! “मारालाय की मिठी घालालाय?” असं कुणीतरी ओरडतंच. हा राग मला अगदी रास्त वाटतो. घोळ होतो तो राग काढायच्या जागेत.

२ जुलै २०११, हॅम्बुर्ग. युक्रेनच्या व्लादिमीर क्लिच्कोकडं आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनांचे जगज्जेतेपदाचे पट्टे, इंग्लंडच्या डेव्हिड हेयकडं डब्ल्यूबीए या तिसऱ्या संघटनेचा. हेय व्लादिमीरला आणि त्याचा मुष्टियोद्धा भाऊ वितालीला कधीचा डिवचत होता. दोघा भावांची कापलेली मुंडकी हातात धरून आपण उभे आहोत, असं चित्र छापलेला टी-शर्ट त्यानं घातला होता. एवढ्या गर्जनेनंतर रिंगमध्ये काय झालं? तो लांबच राहिला. मधूनच एखादा उजवा ठोसा फेकायचा आणि क्लिच्को अंगाला भिडला की खाली जायचं. सातव्या फेरीत ढकलल्याबद्दल क्लिच्कोचा एक गुण कापला. अकराव्यात मात्र हेय खाली गेल्यावर रेफरीनं आकडे मोजले, म्हणजे तो ठोशानं पडला असं धरलं. तीन पंचांचे गुण ११७-१०९, ११८-१०८, ११६-११०, तिन्ही क्लिच्कोच्या बाजूनं. नंतर हेयनं बूट काढून दुखावलेलं पायाचं बोट पत्रकारांना दाखवलं.

जगभरच्या चाहत्यांनी त्या बोटाची हुर्यो उडवली, आणि माझ्या मते ती उडवायलाच हवी होती. दुखापत खरी असेलही. पण दुखणं सांगायचं तर जोड लागायच्या आधी वस्तादाला सांगावं. हरल्यावर लोकांना दाखवायची ती वस्तू नव्हे.

आता २८ नोव्हेंबर २०१५ची ड्युसेलडॉर्फची लढत घ्या. हाच क्लिच्को, समोर इंग्लंडचा टायसन फ्युरी. ही लढतही रटाळ म्हणून बदनाम आहे, आणि इथं माझं चाहत्यांशी पटत नाही. नऊ वर्षांहून जास्त काळ जगज्जेतेपदाच्या गादीवर बसलेल्या गड्याला फ्युरीनं हातच सोडू दिला नाही. खांद्यानं हूल, डोक्यानं हूल, कधी डावा पवित्रा तर कधी उजवा. बारा फेऱ्यांत क्लिच्कोचे जेमतेम ५२ ठोसे लागले. कुणी आडवा झाला नाही, म्हणून लोक हिरमुसले. पण समोरच्याला पकडच घेऊ न देणारा पैलवान आपण मैदानात बघतो, तेव्हा जाणती म्हातारी माणसं फेट्याला हात लावून दाद देतात. ती दाद फ्युरीला मिळायला हवी होती.

तिसरी लढत मॉस्कोची, ५ ऑक्टोबर २०१३. क्लिच्कोनं रशियाच्या अलेक्झांडर पोवेत्किनला चारदा खाली पाडलं, तिन्ही पंचांनी ११९-१०४ असे गुण दिले. एवढा एकतर्फी विजय, तरी बघवत नव्हता, कारण सगळी रात्र तो पोवेत्किनच्या मानेवर भार टाकून उभा होता. मुष्टियुद्धात पकडून ठेवणं, अंग टाकणं हे नियमानं चूकच आहे. तरीही रेफरीनं गुण कापला तो अकराव्या फेरीत! तोवर लढत संपल्यातच जमा होती. त्या रात्री रेफरीची हुर्यो उडायला हवी होती. क्लिच्कोनं, जेवढं चालवून घेतलं तेवढं केलं.

मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत निष्क्रिय पैलवानाला तीस सेकंदांची मुदत देतात. तेवढ्यात कुणालाच गुण मिळाला नाही तर तो समोरच्याला जातो. पैलवानाला डाव टाकावाच लागतो. मुष्टियुद्धात सगळं रेफरीच्या मर्जीवर, आणि जगज्जेत्याचा गुण कापायला तो कचरतो. तिसऱ्या मिठीला गुण कापलाच पाहिजे, अशी सक्ती हवी, असं माझं मत आहे. पण अशा सक्तीनं उंच गड्याचं हत्यारच काढून घेतलं जाईल, असंही काही जण म्हणतात. पुढच्या रांगेत वस्ताद मंडळी बसली आहेत. यावर त्यांचं म्हणणं मला ऐकायचं आहे.