फ्लेक्सच्या कोपऱ्यातला फोटो

मंडळी, सप्ताहाच्या मंडपात देशी कट्ट्यावर, म्हणजे गावठी पिस्तुलावर, बोलणार म्हटल्यावर काही जण चपापले. "आपल्या गावात कुठं हाये कट्टा?" नसेल. पण तो सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशातून येतो, बुलढाण्याकडे पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. आणि तलवारीनं केक कापलेला तर आपल्याच चौकात पाहिला ना?

पोट्टं कट्टा जवळ ठेवते ते वट दाखवायला. मारायचं त्याच्या मनात बहुतेक नसतेच. वाढदिवसाचा फ्लेक्स नीट बघा. वर भाऊंचा भलामोठा फोटो, खाली तिकिटाएवढे शुभेच्छुक. दहावीत नापास झालेल्या, घरी दोन एकर कोरडवाहू असलेल्या पोराचं नाव पहिल्यांदा छापून येते ते तिथं. मग भाऊ पेट्रोल टाकून देतात, सावजीत जेवू घालतात, आणि एक दिवस फडक्यात गुंडाळलेली वस्तू देतात: "हे जरा तुझ्या घरी राहू दे." सापडली की नाव पोराचं. खरं तर बालन्याय कायदा, २०१५ चं कलम ८३ आहे: अल्पवयीन मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड. हे भाऊंच्या कानावर घाला.

शिकागोच्या शाळांत पोरांना हात उगारण्याआधी थांबून विचार करायला शिकवणारा 'बिकमिंग अ मॅन' नावाचा उपक्रम आहे. पोरांच्या जोड्या लावतात. एकाच्या मुठीत चेंडू. दुसऱ्यानं तो ३० सेकंदांत मिळवायचा. बहुतेक पोरं झोंबाझोंबीच करतात. मग मार्गदर्शक विचारतो, "सरळ 'दे ना' असं म्हणून का नाही पाहिलं?" शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी सोडत काढून निवडलेल्या मुलांची बाकीच्यांशी तुलना केली, तेव्हा उपक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी दिसल्या. उपक्रम संपल्यावर मात्र तो परिणाम तसा टिकला नाही. म्हणून एका दिवसाच्या शिबिराला, टोप्या आणि शपथेला, मी काही मानत नाही.

आपल्याकडे १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. समिती चांगली, पण ती बसते चार दिवसांनी. पोरांचं तसं नसते. दुपारी शंकरपटात बैलजोडीवरून बाचाबाची, संध्याकाळी मोबाइलच्या स्टेटसवर टोमणा, रात्री नऊला गाड्या निघतात. त्या दोन-तीन तासांत पोराच्या दारात जाऊन "चाल बे, चहा पिऊ" म्हणणारा माणूस लागतो. तिथं पोलिसांचा फोन कामाचा नाही, बापाची चप्पलही नाही. कबड्डीचा जुना गडी, गॅरेजवाला मिस्त्री, एखादा मामा, ज्याला पोट्टं उलटून बोलत नाही तो. पण पोरानं त्या रात्री ऐकावं असं वाटत असेल तर आधीचं वर्षभर त्याच्यासोबत मैदानात घाम गाळलेला पाहिजे, आयटीआयच्या फॉर्मसाठी तालुक्याला गेलेलं पाहिजे.

अशांची नावं आज हार्मोनियमजवळच्या वहीत लिहून घेतोय. एकच अट: पुढच्या ग्रामपंचायतीला उभं राहायचं असेल, तर कृपा करून नाव देऊ नका.