नाव घेतली, पण नावावर कुणाच्या?

(पैठण परिसरातल्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांपुढे एका वकिलांनी दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून केलेलं शब्दांकन.)

माईक जरा खरखरतोय, पण मागं ऐकू येतंय ना? येतंय. मग सुरू करतो.

आपल्या मराठीत एक गंमत आहे. पाण्यात चालते ती नाव, आणि कागदावर चढतं तेही नाव. या दोन नावांचं एकमेकांशी नातं काय, ते मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. तेही पदरचे पैसे घालून.

मी ग्राहक आयोगात वकिली करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या खोडी काढायच्या, हा माझा धंदा. आणि मी काय केलं? मेहुणे आणि मी मिळून कोकणातून एक जुनी फायबरची होडी आणली. अठरा फुटी, मागं चाळीस हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन. मेहुण्यांना पर्यटक फिरवायचे होते, मला रविवारची हौस. विकणारा माणूस सज्जन. मी आजही त्याला सज्जनच म्हणतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कार्ड काढून म्हणाला, ‘तीन वर्षांची गॅरंटी आहे, चौदाच महिने झालेत.’ मी मान डोलावली आणि पैसे मोजले.

तिसऱ्या महिन्यात, भर पाण्यात, इंजिन शिट्टी मारायला लागलं. तुमच्यातले ज्यांच्याकडं इंजिनं आहेत त्यांना माहीत आहे, चालू इंजिनातून मागं पाण्याची एक बारीक धार सारखी पडत असते. थंडाव्याचं पाणी आत फिरतंय, याची ती खूण. आमची धार थेंबावर आली होती. वल्हं मारत काठाला आलो. मेकॅनिकनं इंजिनाचा खालचा पाय उतरवला. त्यात पाणी वर ढकलणारा रबराचा इम्पेलर असतो, पाकळ्या फुटल्यासारखा दिसतो. त्याच्या दोन पाकळ्या जाग्यावर नव्हत्या. त्या तुटून पुढं पाण्याच्या वाटेत जाऊन बसल्या होत्या. आणि त्या वाटेला आतून पांढरा थर. मेकॅनिकनं स्क्रूड्रायव्हरनं खरवडला, पापुद्रा निघाला, जिभेला लावून बघितला. मीठ! खाऱ्या पाण्यात चालवलं की इंजिन गोड्या पाण्यानं धुवायचं असतं, ते कुणी धुतलंच नव्हतं. तापून हेड वाकलं होतं.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं, अगदी नम्र भाषेत. इंजिन आमच्या नोंदीत पहिल्या मालकाच्या नावावर आहे आणि विक्री आम्हाला कळवलेली नाही. ते खासगी वापरासाठी म्हणून नोंदलेलं आहे, तुम्ही भाड्यानं चालवता. आणि इम्पेलर हा झिजणारा भाग, शिवाय वेळेवर सर्व्हिस झाल्याची नोंद नाही. अडतीस हजारांचं बिल आम्ही दोघांनी वाटून भरलं. मेहुणे अजून जेवताना मला ‘वकीलसाहेब, भाजी वाढू का’ असं विचारतात, त्यातला ‘वकीलसाहेब’ मला बरोबर कळतो.

राग ओसरल्यावर मी ती पुस्तिका वाचली. सगळं लिहिलेलं होतं. कंपनीनं फसवलं असं म्हणायला जागा नव्हती, हेच जास्त झोंबलं.

आता आपण सगळेच ‘गॅरंटी’ म्हणतो. मोटारीची गॅरंटी, पाइपाची गॅरंटी, लग्न जमवणारासुद्धा मुलाची गॅरंटी देतो. पण कंपनी जे देते ती वॉरंटी, म्हणजे अटी घालून दिलेला शब्द: एवढ्या मुदतीत, एवढे भाग, असा वापर केला तर, आम्ही दुरुस्त करून देऊ. शब्द कुणाला दिला? ज्याचं नाव खरेदीच्या वेळी नोंदलं त्याला. होडी विकली की लाकूड-फायबर-लोखंड नव्या मालकाकडं जातं. तो शब्द आपोआप जातोच असं नाही. कुठं जातो, कुठं अर्ज केल्यावर जातो, कुठं जातच नाही. हे त्या-त्या कंपनीच्या पुस्तिकेत ‘ट्रान्सफर’ या मथळ्याखाली चार-सहा ओळींत असतं. त्या ओळी पैसे देण्याआधी वाचायच्या. माझं आजचं सांगणं एवढंच आहे, बाकीचा वेळ मी त्याची कारणं देण्यात घालवणार आहे.

अमेरिकेत जुन्या बोटींचा बाजार मोठा, म्हणून तिथले नियम बघण्यासारखे आहेत. तिथं १९७५चा वॉरंटीचा कायदा आहे. वॉरंटीच्या माथ्यावर ‘फुल’ म्हणजे पूर्ण की ‘लिमिटेड’ म्हणजे मर्यादित, हे छापावं लागतं. ‘पूर्ण’ छापलं, तर मुदतीत जो कुणी मालक असेल त्याला ती द्यावीच लागते. फक्त पहिल्या गिऱ्हाइकालाच देऊ असं म्हणता येत नाही. मग कंपन्या काय करतात? ‘लिमिटेड’ छापतात. तुमच्या घरातल्या कार्डांवरही बघा, काहींवर तोच शब्द दिसेल. तिथंही बोटीच्या सांगाड्याची वॉरंटी दुसऱ्या मालकाला देताना बरेच बांधणारे ठरावीक दिवसांत अर्ज मागतात, बऱ्याचदा तीस दिवसांत. फी घेतात, कुणी आपल्या डीलरकडून तपासणी करून घ्यायला लावतं. आणि घड्याळ नव्यानं सुरू होत नाही. पाच वर्षांतली तीन गेली असतील तर उरलेली दोनच.

हेही ध्यानात ठेवा, एका होडीवर एकच वॉरंटी नसते. सांगाडा बांधणाऱ्याची वेगळी, इंजिनाची वेगळी, मासे दाखवणाऱ्या यंत्राची वेगळी, बॅटरीची वेगळी. प्रत्येकाचं दार निराळं. वर पैसे भरून वाढवलेली मुदत असेल, तर ती बहुतेक वेळा तिसऱ्याच कुणाशी केलेला करार असतो, आणि विकणाऱ्यानं तो रद्द करून पैसे परत घेतलेले असू शकतात. कार्ड मात्र पिशवीत तसंच.

आपल्याकडं खरी मेख वापराची आहे. हौसेनं चालवायच्या इंजिनाला जी मुदत मिळते, ती धंद्याच्या वापराला मिळत नाही. बऱ्याच कंपन्यांकडं हौशी माणसाला तीन वर्षं असतील तर धंद्याला एकच. मासेमारी हा धंदा. पर्यटक फिरवणं हाही धंदा. म्हणजे मुंबईच्या कुणा हौशी माणसाची बोट तुम्ही घेतली आणि तिच्यावर जाळं टाकलं, की मुदत तिथंच आखडली. हे कुणी तोंडानं सांगत नाही. परदेशातून परस्पर आणलेलं इंजिन असेल तर आणखी एक भानगड: अनेक कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात माल विकला त्या भागापुरतीच चालते.

बैलबाजारात आपण कसे जातो? हाळी-हंडरगुळीला म्हणा, माळेगावच्या जत्रेत म्हणा. दात मोजतो, खुरं उचलतो, चालवून बघतो, शेपटीखालपर्यंत बघतो. दलाल रुमालाखाली बोटं दाबतोय तोवर आपला मामा लांबून बैलाच्या पाठीकडं बघत असतो. तोच मामा होडी घ्यायला गेला की रंग बघून भुलतो.

होडीचे दात कुठं असतात, ते सांगतो. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं तिला ट्रान्सम म्हणतात. फायबरच्या आत बऱ्याचदा प्लायवूड असतं. बोल्टाच्या भोकातून पाणी मुरलं की ते कुजतं, वरून काही दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन टकटक करत जायचं. टणक आवाज आला तर बरं. ओल्या भोपळ्यावर मारल्यासारखा भद्द आवाज आला की तिथं थांबायचं. मग इंजिनाचा नंबर. तो बोटीला इंजिन पकडणाऱ्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो, आणि अनेक इंजिनांच्या ब्लॉकवरही एका छोट्या गोल चकतीवर ठोकलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. पट्टी खरवडलेली दिसली तर विषय संपला, चहा पिऊन परत या. नव्या इंजिनांच्या मेंदूत किती तास चाललं याचीही नोंद असते, अधिकृत मेकॅनिक ती काढून देतो. पहिली सर्व्हिस साधारण वीस तासांना, पुढं दर शंभर तासांना किंवा वर्षाला. इंजिन तीनशे तास चाललंय आणि सर्व्हिसच्या वहीत एकच शिक्का, तर वॉरंटी शिल्लक आहे म्हणण्यात काही अर्थ नाही.

नंबर हातात आला की कंपनीच्या गिऱ्हाईक सेवेला फोन लावा. चार प्रश्न विचारा: हे कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, कोणत्या वापरासाठी नोंदलंय, आणि माझ्या नावावर करायला काय लागतं. उत्तर लेखी मागा, ईमेल चालेल. पोराच्या मोबाइलवरून करा, पण करा.

आता कायदा, थोडक्यात. वस्तुविक्रीचा कायदा १९३०चा आहे. त्यातल्या कलम १२ मध्येही ‘वॉरंटी’ हा शब्द येतो, पण तिथं त्याचा अर्थ वेगळा: मूळ सौद्याला जोडून दिलेली हमी. ती मोडली तर भरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. कलम १६ मध्ये मालाच्या दर्जाची न बोललेली हमी आहे, पण ती त्या मालाचा व्यापार करणाऱ्याला लागू. तुमच्यासारखाच एखादा कोळीबांधव आपली एकुलती होडी विकत असेल तर त्याला ती धरता येत नाही. मात्र कलम १५ सगळ्यांना लागू आहे: वर्णन करून माल विकला तर माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे. म्हणून मी म्हणतो, वर्णन कागदावर आणा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नुसतं ‘एक नग फायबर बोट जुनी वापरती, जशी आहे तशी’ लिहून देतात आणि आपण अंगठा उठवतो. त्याऐवजी लिहा: इंजिन अमुक नंबरचं, अमुक साली घेतलेलं, कंपनीची वॉरंटी अमुक तारखेपर्यंत शिल्लक, ती खरेदीदाराच्या नावावर करायला लागणाऱ्या अर्जावर विक्रेता सही देईल. मूळ पावती सोबत जोडा. आणि थोडी रक्कम हातात ठेवा, नाव चढल्यावर द्यायची. विकणारा रागावला, तर त्याच्या रागातूनही काही कळतं.

होडी समुद्रातली असेल, तर तिच्या अंगावर ‘आयएनडी-एमएच’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. त्या नोंदणीवर कर्जाचा बोजा आहे का ते बघा. अनुदानातून घेतलेली असेल तर ती विकता येते का, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. धरणात-नदीत इंजिनाची होडी चालवायची तर २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. आणि आपला जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा इंजिन घेऊन कुठं शिरायचं नाही, हे वन्यजीव विभागाला विचारूनच ठरवा. त्यात आज शिरत नाही.

तक्रार करायची वेळ आली तर? २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पूर्वी समोरचा जिथं राहतो, जिथं त्याची शाखा आहे किंवा जिथं व्यवहार घडला, तिथं जावं लागायचं. आता तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षं, कारण घडल्यापासून. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल त्यात येतो. एक होडी आणि तिच्यावर तुम्ही आणि तुमचा मुलगा, तर तुम्ही ग्राहक. पाच होड्या आणि पगारी माणसं असतील तर समोरचा वकील भांडणार. मीच असलो तर मीही भांडेन.

एक गैरसमज मात्र काढून टाका. नव्या कायद्यात उत्पादकाची जबाबदारी म्हणून एक अख्खं प्रकरण आहे, त्याच्या जोरावर लोक सांगतात की काहीही बिघडलं तरी कंपनीला धरता येतं. कलम २(२२) वाचा. तिथं ‘हानी’मधून त्या वस्तूचं स्वतःचं नुकसान वगळलंय. इंजिन फुटून तुमचा हात भाजला तर ते प्रकरण कामाला येईल. इंजिन नुसतंच जाम झालं, तर नाही. तिथं तुम्हाला वॉरंटीच लागते, आणि ती तुमच्या नावावर लागते.

कुणी विचारलं? हां, बाबा, बोला. चप्पूला, म्हणजे आपल्या थर्मोकोलच्या तराफ्याला, वॉरंटी असते का? (हशा) थर्मोकोलच्या चप्पूची वॉरंटी तुम्हाला पोहता येतं तोवर. नाही, थट्टा सोडा. चप्पू विकताना पावती करा, एवढंच.

आणि ते मागचे दादा, निळ्या शर्टातले. काय म्हणता, परवाच घेतलं? येलदरीच्या माणसाकडून? कार्ड दिलं का? दिलं. आणि अर्ज? नाही. किती दिवस झाले? अकरा. मग बसू नका, पुढं या. इंजिनाचा फोटो आहे का मोबाइलमध्ये? तो पट्टीचा मोठा करा. अजून. तो आकडा तीन आहे की आठ? पोरा, तू चश्मा लावतोस, तू वाच. बरं. आता कार्डावरचा फोन नंबर सांगा, आणि जरा शांतता राखा मंडळी, स्पीकर लावतो.